एकटा काना

कर्नल हा शब्द आमच्या घरात आला आणि पहिल्याच दिवशी त्याला मिशा फुटल्या.

"मी कर्नल लिहायला शिकतेय," असं मी जेवताना जाहीर केलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. "आणखी एक कशाला? घरात आहे की."

सासूबाई मात्र गंभीर. "कुठल्या पलटणीतले?" त्यांनी विचारलं.

"पलटणीतले नाहीत हो आई. कॉम्प्युटर चालू केला की त्यात जो सगळ्यांच्या आधी जागा होतो, कोणी कुठे बसायचं ते ठरवतो आणि बाकीच्या प्रोग्रॅमना कामाला लावतो, त्याला कर्नल म्हणतात. मी तसला एक स्वतः लिहिणार आहे. छोटासा."

त्यांनी घास संपवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांच्या आधी उठतो, सगळ्यांना कामाला लावतो. मग या घरातली कर्नल मी आहे. तू तुझ्यापुरता दुसरा कर." तेव्हापासून माझ्या प्रोग्रॅमचं नाव कर्नलसाहेब पडलं ते पडलंच.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं तेही सांगते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाईक आरशासमोर अर्धा तास तोंड वाकडं करत उभं राहिलं तरी हसून बघायचं. डोळे तपासायच्या यंत्राला जोडलेला आमचा जुना कॉम्प्युटर एका सकाळी उठेचना. काळा पडदा, आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. दुरुस्तीवाला आला आणि म्हणाला, "ऑपरेटिंग सिस्टिम उडाली." मी विचारलं, "उडाली म्हणजे गेली कुठे? आणि ती गेली असेल तर ही रेघ कोण लुकलुकवतंय?" तो बिचारा भला माणूस. डोकं खाजवून म्हणाला, "ताई, खरं सांगू का, इतक्या खोलात मी कधी उतरलो नाही." मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मला देऊन टाकला. मी तो उराशी धरून घरी आणला.

एखादी गोष्ट डोक्यात बसली की मला चैन पडत नाही. शाळेतली माझी एक मैत्रीण प्रोग्रॅमर आहे, तिला फोन केला. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "चाळिशीत लोक बागकाम शिकतात गं." पण तिनं मला काय वाचायचं ते सांगितलं, आणि मी वाचायला लागले. पहिला महिना सगळं डोक्यावरून गेलं. दुसऱ्या महिन्यात अर्धं डोक्यावरून गेलं, म्हणजे अर्धं डोक्यात शिरलं, आणि तेवढ्यावरही मी खूश होते.

झालं काय होतं ते मला अखेर कळलं. यंत्र चालू झालं की ते डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा तेवढा वाचतं. पाचशे बारा बाइट, म्हणजे पाचशे बारा अक्षरं मावतील एवढीच जागा. त्या तुकड्याच्या शेवटी ठरलेली खूण असली तर त्यातल्या हुकमाप्रमाणे चालतं, नाहीतर हात वर करतं आणि नुसती रेघ लुकलुकवत बसतं. म्हणजे त्या तुकड्यात मी जे लिहीन ते यंत्राला ऐकावं लागेल. घरात माझं कोण ऐकतं? इथे एक ऐकणारा सापडला.

एका रविवारी सकाळी त्या काळ्या पडद्यावर एक अक्षर उमटलं. A. दुसरं काही नाही. ना खिडक्या, ना चित्रं, ना कुणा कंपनीचं नाव. माझ्या हुकमानं उठलेला एकुलता एक A. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून घरभर दोन फेऱ्या मारून आले.

नवरा येऊन बघून गेला. "हा तर कीबोर्डवरही आहे," म्हणाला. त्याच्याशी मी दुपारपर्यंत बोलले नाही.

सासूबाई आल्या, पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. "हा त्यानं आपणहून काढला?"

"मी सांगितलं म्हणून काढला."

"मग आपलं अक्षर काढायला सांग. इंग्रजीशी मला काय करायचंय?"

आता त्यांना काय सांगणार? अशा कोऱ्या यंत्राला आपली अक्षरं येतच नाहीत. त्याच्यापाशी त्याची ठरलेली अक्षरं असतात, प्रत्येकाला आडवे आठ ठिपके आणि उभे सोळा ठिपके एवढं घर, आणि त्या घरात कुठला ठिपका पेटवायचा नि कुठला विझवायचा याचा नकाशा. आपलं अक्षर हवं तर नकाशा आपण काढून द्यायचा. मी चौकटीच्या कागदावर त्यांना एक घर आखून दाखवलं. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, जवळून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर फुलीचा टाका."

माझ्या सासूबाई फुलीच्या टाक्याचं भरतकाम करतात. चौकटीचं जाड कापड, त्यावर एकेक घर मोजत एकेक फुली. आमच्या घरात टीव्हीलासुद्धा त्यांनी भरलेला रुमाल आहे. जवळचं दिसायचा त्यांचा चष्मा मी स्वतः बसवलाय, त्याचा मला अभिमान आहे.

"फुली तिथे उजेड, रिकामं तिथे अंधार," मी म्हणाले. "यंत्राच्या भाषेत एक आणि शून्य."

"म्हणजे फुली-गोळा. एवढंच ना? सांग कुठलं अक्षर भरू."

इतक्या सहज म्हणाल्या की मला हसूच आलं. मी कागदावर काढते म्हटलं, तर नाही म्हणाल्या. कागदावर आपला हात खोटं बोलतो, कापडावर टाका खोटं बोलत नाही, हे त्यांचं म्हणणं. मग काय, त्यांनी अक्षरं कापडावर भरायची आणि मी कापड शेजारी ठेवून ओळीनं वाचत टाइप करायची. फुली, फुली, गोळा, फुली. नवरा म्हणायचा, लोकांच्या घरात सासू-सुनांची भांडणं होतात, आमच्या घरात फुली-गोळा चालतो.

पहिला शब्द मीच ठरवला होता, पण त्यांना सांगितला नाही. आधी काना भरून घेतला, कारण तो सगळ्यांत सोपा. मग अ. मग ई, जिच्यावर त्यांचा एक आठवडा गेला. अ ला काना जोडला की आ झाला, पुढे ई. पुढच्या रविवारी त्यांना बोलावलं आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरं ठसठशीत उमटलं: आई.

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"ओ," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटरला ओ दिली हो त्यांनी. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मग तिघंही जे हसलो ते खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून विचारायला आली.

हसून झाल्यावर सासूबाई पडद्याजवळ गेल्या. "रेघ तुटतेय," म्हणाल्या. आणि खरंच, अक्षरांच्या डोक्यावरची रेघ दर घरानंतर बारीक तुटत होती. त्या यंत्रात दोन घरांच्या मध्ये एक ठिपक्याएवढी फट असते. आठवडाभर मी शोधलं तेव्हा सापडलं, की काही घरं मुद्दाम अशी ठेवलेली असतात की त्यांची रेघ फट ओलांडून पुढच्या घराला जाऊन मिळते. ती घरं चौकटी आखण्यासाठी होती. आमची अक्षरं मी तिथे नेऊन बसवली आणि शिरोरेषा सलग झाली. सासूबाईंनी एकदाच मान हलवली. माझ्या बाईंनी शाळेत दिलेल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा मला ती मान मोठी वाटली.

मग त्यांनी भराभर भरायला घेतलं. आधी सरळ काना असलेली अक्षरं. ग, म, ज, प, व. न त्यांना जमेना, त्याची गाठ त सारखी दिसायची, म्हणून तो मागे ठेवला. क, ऊ, ह, ळ ही पोटं सुटलेली अक्षरं शेवटी करू म्हणाल्या.

आणि इथे जागेची पंचाईत झाली. पाचशे बारा बाइट म्हणजे काय राजवाडा नव्हे. दोनचार अक्षरांचे नकाशे आले आणि कर्नलसाहेबांना हात-पाय हलवायला जागा उरली नाही. मी वैतागून मैत्रिणीला फोन लावला. मी वैतागले की माझा आवाज चढतो, हे साऱ्या इमारतीला माहीत आहे.

"एवढ्याशा जागेत मी कुणाकुणाला कोंबू?" मी म्हणत होते. "नवीन येणाऱ्यांना कुठे बसवू? ते जुनं आहे ना, ते आता कसल्याच कामाचं नाही, नुसतं जागा अडवून बसलंय. त्याला बाहेर काढते, म्हणजे सुटेन एकदाची."

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात ज भरलेलं कापड होतं. ते त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवलं आणि निघून गेल्या. मी फोनवर आहे म्हणून बोलल्या नसतील, असं मला वाटलं.

मैत्रिणीनं तिकडून समजावलं. म्हणाली, काही बाहेर काढू नकोस, डिस्कवर जागा भरपूर आहे. पहिल्या तुकड्यात फक्त एक निरोप्या ठेव. तो उठेल, डिस्कवरून पुढचे तुकडे उचलून आणेल आणि कर्नलच्या हवाली करेल. "फक्त किती तुकडे आणायचे तो आकडा त्याला नीट सांग," ती म्हणाली. "जेवढे मागशील तेवढेच आणतो. एक जास्त नाही." मी दोन असा आकडा लिहिला. दोन तुकडे म्हणजे मला मैदान वाटलं. काम झालं आणि तो आकडा मी विसरूनही गेले.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी जेवताना विषय काढला. "लेकीकडे जाऊन राहीन म्हणते."

"जा की," नवरा म्हणाला. "किती दिवस?"

"कायमची."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, दुसऱ्या गावी राहते. तिनं नुकतंच मोठं घर घेतलं होतं, त्यात आईसाठी वेगळी खोली, खोलीला खिडकी. ती कधीपासून बोलावत होती आणि सासूबाई कधीपासून टाळत होत्या. आता अचानक काय झालं, कुणाला कळेना. विचारलं तर म्हणाल्या, "तिच्याकडे जागा आहे."

त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी माझ्या ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. आई, जाऊ नका. बास, एवढंच म्हणायचं होतं. पण नणंद मागे एकदा हसत हसत म्हणाली होती, "आमच्या आईला तुम्ही छान कामाला जुंपलंय." थट्टाच होती, पण मला ती लागली होती. कारण भाजी त्याच निवडतात, कपड्यांच्या घड्या त्याच घालतात, सकाळी सगळ्यांच्या आधी त्याच उठतात. मी राहा म्हटलं, तर राबायला माणूस हवं म्हणून म्हणते, असं त्यांना वाटलं तर? मला भाजी निवडायला कुणी नको होतं. मला त्या हव्या होत्या. त्या गेल्या तर रविवारी बटण दाबून मी कुणाला दाखवणार होते?

"तू तरी सांग त्यांना," मी नवऱ्याला म्हणाले.

"सांगितलं. जाऊ नको म्हटलं. म्हणाली, मुलगा तसं म्हणतोच." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू म्हण."

"माझं तोंड उघडत नाही."

"तुझं?" तो म्हणाला. "तोंड?" त्याच्या अंगावर उशी फेकली मी, पण रडूही आलं.

सासूबाईंनी मात्र भरणं थांबवलं नाही. "जाण्याआधी तुझी अक्षरं पुरी करते," म्हणायच्या. मी पण लबाडी सुरू केली. न तयार करून आणला की मी म्हणायची, गाठ अजून त सारखी दिसते. क आणला की त्याचं पोट जरा जास्त सुटलंय. त्या निमूटपणे उसवायच्या आणि परत भरायच्या. क दोनदा उसवला. ऊ ची शेपटी तीनदा. अक्षरं संपली नाहीत तर जाणं पुढे जाईल, असा माझा हिशेब. पण त्यांचा हात इतका साफ, की खोट काढून काढून काढणार किती? ह आणि ळ तेवढे राहिले, आणि नणंदेचा फोन आला की रविवारी गाडी घेऊन येते.

त्या रविवारी सकाळी मी ठरवलं. माझं तोंड उघडत नाही ना, मग कर्नलसाहेबांचं उघडू दे. त्यांना काय, लाज ना लज्जा. शेवटी आलेले न, क, ऊ हे नकाशे मी घाईघाईनं यादीच्या शेवटी जोडले. निरोपाची ओळ लिहिली. एकदा चालवून बघायला हवं होतं, पण तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

नणंद आली, बसली, चहा झाला. दाराशी सासूबाईंची बॅग तयार उभी. त्यांचा भरतकामाचा डबा त्यांच्या मांडीवर.

"आई," मी म्हणाले, "निघण्याआधी कर्नलसाहेबांना भेटून जा. त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

सगळे कॉम्प्युटरसमोर जमलो. मी बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळा झाला, आणि मग त्यावर सलग शिरोरेषेची, सासूबाईंच्या हातची सुबक अक्षरं उमटली.

आई जा

नणंदेनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, जणू आम्हाला वाचता येत नव्हतं. "आई, जा." मग माझ्याकडे वळली. "अगं, निघालोच आहोत की आम्ही. एवढी घाई?"

हे असं नव्हतं, मी म्हणाले. बिघडलंय, म्हणाले. पुढे अजून आहे, म्हणाले, आणि त्या यंत्राच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. पडद्यावर तेच. नवरा माझ्याकडे असा बघत होता की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतके महिने डोकं फोडून मी एक यंत्र शिकवलं, आणि त्यानं सासूला घराबाहेर जायला सांगितलं.

सासूबाईंनी डब्यातून जवळचा चष्मा काढला. लावला. पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"हा काना कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"'जा'चाच असेल," नणंद म्हणाली.

"'जा'चा 'ज'पाशी आहे. हा बघ, इकडे लांब एकटा उभा आहे." आणि खरंच, ओळीत बरंच पुढे, काळ्या जागेत, एक काना डोक्यावर इवलीशी रेघ घेऊन उभा होता. गोंधळात मला तो दिसलाच नव्हता.

त्यांनी डब्यातली बोथट सुई काढली आणि पडद्यावर घरं मोजायला लागल्या. "जा. मग एक घर रिकामं, दुसरं, तिसरं, चौथं. मग काना. काना कधी एकटा नसतो, त्याच्या आधी अक्षर लागतं. कापडावर अशी घरं सुटली की समजायचं, भरायचं राहिलंय. काम संपलेलं नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "शेवटची अक्षरं कुठली घातलीस?"

"न, क आणि ऊ," मी कशीबशी म्हणाले.

त्या परत पडद्याकडे वळल्या. सुई पहिल्या रिकाम्या घरावर ठेवली. "ऊ," म्हणाल्या. पुढचं घर सोडलं. मग न. मग क. मग सुई कान्यावर येऊन थांबली.

"हे तू लिहिलंस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"मला तो चालू करता येत नाही, आई."

"तू लिहिलं असतंस तर 'नको' झालं असतं. कान्यावर मात्रा आली असती. याच्यावर मात्रा नाही. नुसता काना आहे." त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "मला 'नका' म्हणणारी या घरात एकच आहे."

मी जे रडायला लागले ते मला आवरेना. आई, जाऊ नका, मी म्हणाले. शेवटी म्हणालेच, तोंडानं, सगळ्यांसमोर. भाजी मी निवडीन, घड्या मी घालीन, तुम्ही नुसत्या बसून राहा पण जाऊ नका, असंही काहीतरी म्हणाले.

"मुलाचं 'नको' मी ऐकलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "ते तो म्हणणारच. मी या कान्याची वाट बघत होते." आणि मग एकदम, लहान मुलीसारख्या रुसून, "पण तूच तर म्हणालीस फोनवर. जुनं आहे ते कामाचं नाही, जागा अडवून बसलंय, बाहेर काढते म्हणून."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला एक क्षण लागला. "अहो आई, तो A होता."

"कोण ए?"

"A. अक्षर. पहिल्या दिवशीचा. त्याला बाहेर काढत होते मी."

नवरा जमिनीवर बसला. खरोखर बसला, भिंतीला टेकून, आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नणंदेला आधी काही कळेना, मग कळलं आणि तीही सुरू झाली. सासूबाई ओठ दाबून उभ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. "एका इंग्रजी अक्षरापायी मी बॅग भरली," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाही राहवलं नाही.

हसू ओसरल्यावर त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ते सगळं ठीक. पण माझी अक्षरं गेली कुठे? क दोनदा उसवलाय मी."

आणि तेव्हा मला तो आकडा आठवला. दोन. ओळ पोचली होती, काना पोचला होता, कारण ते आधीच्या तुकड्यांत होते. शेवटी जोडलेली अक्षरं तिसऱ्या तुकड्यात गेली होती, आणि निरोप्याला मी दोनच तुकडे आणायला सांगितले होते. त्यानं दोन आणले. त्याचं काय चुकलं?

मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे जागा नव्हती असं नाही."

"जागा हवी तेवढी होती, आई. मी मागितलीच नव्हती."

"मागायची गं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

मी दोनचे तीन केले. एवढंच. यंत्र बंद केलं, चालू केलं. पंखा घरघरला.

आई जाऊ नका

शिरोरेषा सरळ, ऊ ची शेपटी झोकात, क चं पोट अगदी बेताचं. नणंदेनं हातातली गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली. "मग मी काय रिकामी जाऊ?"

"जेवून जा," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझ्याकडे येईन की चार दिवस. कर्नललाही रजा असते." मग मुलाकडे वळल्या. "ती बॅग आत ने. आणि काहीही म्हणा, मला त्या न ची गाठ अजून त सारखी दिसते."

"नाही हो," मी म्हणाले. "गाठ पहिल्यापासून चांगली होती."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग कळलं त्यांना. गालात हसल्या आणि सुई डब्यात ठेवली.

नवरा बॅग उचलून आत गेला, नणंद स्वयंपाकघरात काय आहे ते बघायला गेली. सासूबाई पडद्यासमोरून हलल्या नाहीत.

"हे बंद केलं की पुसलं जातं?"

"नाही. डिस्कवर आहे. जेव्हा चालू कराल तेव्हा उठेल आणि सगळ्यात आधी हेच म्हणेल."

"रोज?"

"रोज."

त्यांनी थोडा विचार केला. "सकाळी सगळ्यांच्या आधी मीच उठते," म्हणाल्या. "बटण कुठलं ते मला दाखवून ठेव."

मी त्यांचा हात धरून त्यांचं बोट बटणावर ठेवलं.